लसणाला थंडी कळते : कुंडीतल्या पाकळीचा गड्डा कसा होतो

गणपतीच्या दिवसांत टोपलीतल्या लसणाला कोंब यायला लागतात. पाकळी वरून टणक दिसते, पण चिरली की आत हिरवी दांडी, आणि चव जराशी कडवट. टाकून देण्याऐवजी बरेच जण अशा पाकळ्या कुंडीत खोचतात. आठ-दहा दिवसांत हिरवी पात वर येते, तिचा फोटो घरच्या ग्रुपवर जातो, सगळे अंगठे दाखवतात. पुढे काही महिन्यांनी उपटून बघावं, तर खाली मुळ्यांचा झुपका आणि जरा जाड झालेलं बूड. गड्डा कुठे आहे?

माझी पहिली फजिती याच्या पुढची होती. मी संक्रांतीच्या सुमारास लसूण लावला. पुण्यात तेव्हा चांगली थंडी होती, म्हटलं आता जोमात येईल. एप्रिलच्या शेवटी उपटला तर प्रत्येक रोपाखाली बोराएवढा एकेक गोल गोळा. आत पाकळ्याच नाहीत. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, हा तर एककळी लसूण! औषधी असतो, महाग मिळतो." दोन दिवस मी उगाच खूश होते. नंतर कळलं की माझ्या रोपांना वेळच पुरला नव्हता. चीनच्या युनान प्रांतात असा एकपाकळी लसूण मुद्दाम पिकवून विकतात ते खरं, पण माझ्या कुंडीत तो नापास झालेल्या रोपाचा निकाल होता.

असं का होतं हे समजायला आधी पाकळी म्हणजे काय ते पाहावं लागतं.

पाकळी, कुणी कुडी म्हणतं, हे लसणाचं बी नाही. आपण खातो त्या लसणाला लावता येईल असं बी धरतच नाही. पाकळी म्हणजे अन्न साठवून फुगलेला डोळा, उसाच्या कांडीवर असतो तसा. तिचा गर म्हणजे एक जाड झालेलं पान, बाहेरचं टरफल म्हणजे दुसरं पान, आणि मधली हिरवी दांडी म्हणजे उद्याचं रोप. खाली जी चपटी कडक चकती असते ते खोड. मुळ्या तिथूनच फुटतात, म्हणून पाकळ्या सुट्या करताना ती चकती मोडली की ती पाकळी लावायला बाद.

आता गड्डा. रोप आधी नुसती पानं काढत राहतं. मग एका टप्प्यावर पानांच्या बेचक्यांत नवे डोळे धरतात आणि वरच्या पानांनी तयार केलेलं अन्न त्या डोळ्यांत उतरायला लागतं. तेच डोळे फुगून पाकळ्या होतात. हा टप्पा केव्हा येणार हे खतपाण्यावर फारसं ठरत नाही. ते ठरवतात दोन गोष्टी : रोपाने किती गारवा सोसला आणि दिवस किती मोठा झाला.

लसूण मूळचा मध्य आशियातला. तिथे हिवाळा कडक, नंतर झटकन उन्हाळा. तिथल्या रोपाला जगायचं असेल तर उन्हाळ्याच्या तडाख्याआधी जमिनीखाली शिदोरी बांधून पानं वाळवून घ्यायला हवीत. त्यासाठी त्याला उन्हाळा येणार हे आधीच कळायला हवं. तर ते असं कळतं : काही आठवडे गार गेले, म्हणजे हिवाळा झाला. आता दिवस लांबतोय, ऊन तापतंय, म्हणजे पानं काढणं बंद, गड्डा भरा. गारव्याने डोळे धरायची तयारी होते, लांबणारा दिवस आणि वाढती उष्णता ते भरायला लावते.

या घड्याळाकडे पाहिलं की माझ्या संक्रांतीच्या लागवडीचं काय झालं ते लगेच दिसतं. जानेवारीच्या मध्यावर लावलेली पाकळी उगवून चार पानं काढेपर्यंत फेब्रुवारी संपला. गारवा जेमतेम मिळाला, पानं थोडी, तेवढ्यात मार्चची उष्णता म्हणाली, भरा गड्डा. रोपाने होता तो एकच डोळा भरला. पाकळ्या पाडायला सवडच झाली नाही. (तो गोळा फुकट मात्र जात नाही. पुढच्या हंगामात वेळेवर लावला तर त्याचा नीट पाकळ्यांचा गड्डा होतो. मी लावून पाहिलाय.)

म्हणून आपल्याकडे लसूण लावायचा तो ऑक्टोबर-नोव्हेंबरात. दसरा झाल्यापासून दिवाळी उलटून आठवडाभर, एवढी खिडकी. पाऊस गेलेला असतो, रात्री गार होऊ लागतात, आणि संक्रांतीपर्यंत रोपावर सात-आठ पानं आलेली असतात. लसणात पानं आधी आणि गड्डा मागाहून. गड्डा भरायला लागला की नवी पानं थांबतात, त्यामुळे तोवर जेवढी पानं झाली तेवढाच कारखाना. जानेवारीनंतर कितीही खत घाला, त्या कारखान्याला नवीन यंत्रं बसत नाहीत.

या हिशेबात एक गंमत आहे. ज्या घरांत चातुर्मास पाळतात, तिथे आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत कांदा-लसूण बंद. उन्हाळ्यात काढलेला लसूणही काढल्यावर काही आठवडे गाढ झोपेत असतो आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात जागा होऊ लागतो. म्हणजे खाणारे थांबलेले असताना तो आपला कोंब काढायच्या तयारीत. चातुर्मास संपायला येतो आणि लागवडीची वेळ होते. या दोन्हींचा संबंध कुणी मुद्दाम जोडला असेल असं मी म्हणत नाही, पण बेणं, म्हणजे लावायचा लसूण, शिल्लक राहायला सोय छान आहे.

बेणं कुठलं घ्यायचं

इथे निम्म्या लोकांचा लसूण बिघडतो, आणि त्यांना वाटतं माती वाईट.

पहिली अडचण प्रदेशाची. थंड डोंगराळ भागातल्या जातींना गड्डा धरायला तेरा-चौदा तासांचा दिवस लागतो. ॲग्रीफाउंड पार्वती ही उत्तरेकडच्या डोंगरांसाठी निवडलेली जात अशीच, पाकळ्या मोठ्या, सोलायला सोप्या. पाहून मोह होतो. पण पुण्यात डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस साधारण अकरा तासांचा आणि मार्चच्या विषुवदिनी तो बारावर येतो. तेरा तासांच्या पुढे जातो तोवर निम्मा मे उलटलेला असतो, आणि तेवढ्या उन्हात रोप टिकत नाही. अशी जात आपल्याकडे पातच देत राहते. उलट आपल्या मैदानी जाती कमी तासांच्या दिवसावर भागवतात. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाच्या भीमा ओंकार आणि भीमा पर्पल, राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या गोदावरी, श्वेता, फुले बसवंत, शिवाय राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठानच्या यमुना सफेदचे वेगवेगळे प्रकार, ही सगळी मंडळी आपल्या हवेला रुळलेली. बेणं म्हणून एवढं थोडं मिळालं नाही तर बाजारातला गावठी, लहान पाकळ्यांचा, जांभळट छटेचा लसूण घ्यावा. मोठ्या पांढऱ्याशुभ्र, तेरा-चौदा जाड पाकळ्यांच्या गड्ड्याच्या नादी लागू नये.

दुसरी अडचण : काही लसूण उगवूच नये म्हणून प्रक्रिया केलेला असतो. कांदा-लसणाला कोंब येऊ नयेत म्हणून त्याला ठरावीक मात्रेत गॅमा किरण देतात. भाभा अणु संशोधन केंद्राने उभारलेली अशी सोय नाशिक जिल्ह्यात लासलगावला आहे. असा लसूण खायला निर्धोक असतो, पण त्याचा डोळा कायमचा निजलेला. म्हणून लावण्याआधी चार पाकळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून आठवडाभर ठेवून बघाव्यात. मुळ्या फुटल्या तर बाकीच्या लावा.

तिसरी गोष्ट निवडीची. एका रोपाला सुरुवातीचं सगळं अन्न पाकळीतून मिळतं, म्हणून जाड पाकळीचं रोप जाड. गड्ड्याच्या बाहेरच्या मोठ्या पाकळ्या लावायला, आतल्या बारीक फोडणीला. आपण नेमकं उलटं करतो. मोठ्या सोलायला सोप्या म्हणून खातो आणि किडूकमिडूक कुंडीत टाकतो. लसूण बियांनी नाही, पाकळ्यांनीच वाढतो, म्हणून दरवर्षी लावतो तो तोच लसूण. त्याच्यात शिरलेले विषाणूही पिढ्यानपिढ्या त्याच्याबरोबरच चालतात. बारीक गड्ड्यांचं बेणं लावत राहिलात तर पाच वर्षांत लसूण कुरमुऱ्याएवढा होतो आणि दोष बिचाऱ्या मातीला जातो.

लावणी

कुंडी वीतभर खोल असली की पुरे. मुळ्या उथळ असतात, पण माती भुसभुशीत लागते. रंगाची रिकामी बादली, मासळीचा थर्मोकोलचा खोका, ग्रो-बॅग, काहीही चालतं, फक्त खाली भोकं हवीत. नुसती काळी माती नको, ती वाळली की आवळते आणि गड्डे वेडेवाकडे होतात. माती, कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडी वाळू किंवा कोकोपीट, साधारण सारख्या भागांत. मूठभर निंबोळी पेंड. एक चमचा जिप्सम घातलंत तर त्यातलं गंधक लसणाच्या उपयोगी पडतं. ते कसं, हे पुढे वासाच्या वेळी सांगते. मागच्या वर्षी ज्या मातीत कांदा किंवा लसूण होता ती माती यंदा टोमॅटोला द्या, लसणाला नको. दोघांचे रोग एकच.

पाकळ्या आदल्या दिवशी सुट्या कराव्यात, आठवडाभर आधी नाही. सोलू नयेत. माती वाफशावर असताना, म्हणजे मुठीत दाबली तर गोळा व्हावा पण हाताला चिखल लागू नये अशी, बोटाच्या दोन पेरांहून कमी खोल भोक करायचं आणि चपटं बूड खाली, टोक वर ठेवून पाकळी टोकायची. वर दोन-तीन सेंटिमीटर माती. उलटी लावली तरी उगवते, पण कोंबाला वळसा घालून यावं लागतं आणि गड्ड्याची मान वाकडी होते. दोन पाकळ्यांत दहा सेंटिमीटर. बारा इंची गोल कुंडीत सात-आठ पाकळ्या बसतात. कुंडी रिकामी दिसते म्हणून बारा खुपसायचा मोह होतो, तो आवरा. वर वाळका पाचोळा पसरा.

मुंबई, कोकण, गोवा इथल्या वाचकांना थोडं वेगळं सांगायला हवं. तिथे रात्री गारवा पडतो तो थोडा आणि उशिरा. आधी पाकळ्यांना कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात तीन-चार आठवडे ठेवावं आणि काढल्या काढल्या लावावं. हा खोटा हिवाळा बऱ्याच अंशी चालून जातो. तरी किनाऱ्यावर गड्ड्यापेक्षा पातीसाठीच लसूण लावावा असं माझं प्रामाणिक मत आहे. तीन आठवड्यांत कापता येते, कोंब आलेल्या कुठल्याही पाकळीची होते, आणि ओल्या पातीचा ठेचा गड्ड्याच्या ठेच्याला मागे टाकतो.

जाता जाता, फ्रिजचं हे उलट्या बाजूनेही लक्षात ठेवा. खायचा लसूण फ्रिजमध्ये ठेवला की त्याला वाटतं हिवाळा आला, आणि बाहेर काढताच कोंब. खायचा लसूण टोपलीत, वाऱ्यावर.

न्यू जर्सी, टोरंटोकडे राहणाऱ्यांचं घड्याळ मोठं आहे. तिथेही ऑक्टोबरात लावायचा, पण पाकळी बर्फाखाली पाचोळ्याच्या पांघरुणात निजते आणि काढणी जुलैत. तिथल्या कडक मानेच्या जातींना जूनमध्ये मधून गोल वळलेला दांडा येतो. आपल्या कांद्याच्या डेंगळ्यासारखा. तो कोवळा असताना मोडून भाजीत घालावा, नाहीतर गड्ड्याच्या तोंडचा घास तो खातो. ऑस्ट्रेलियात हेच सगळं सहा महिने सरकवून.

मधले तीन महिने

यात करण्यासारखं थोडं असतं आणि लोक जास्त करतात.

पाणी : वरची माती बोटाच्या पेराएवढी सुकली की द्यावं. साचू देऊ नये. कुंडीतलं तण खुरप्याने नाही, हाताने उपटावं, कारण मुळ्या वरवर असतात. महिन्यातून दोनदा मूठभर गांडूळखत किंवा शेणाची स्लरी, पण संक्रांतीपर्यंतच. त्यानंतर नत्र दिलं की रोप पुन्हा पानांकडे वळतं, मान जाड राहते, आणि कधी कधी कुंडीतच नव्या पाकळ्यांना कोंब फुटून रोप झुडपासारखं दिसायला लागतं. असा गड्डा टिकत नाही.

पानांवर रुपेरी ओरखडे दिसले तर ते फुलकिडे. पानाच्या बेचक्यात बारीक पिवळट किडे असतात, भिंगाने दिसतात. चार कुंड्यांना औषधाची बाटली आणू नका. पिचकारीने बेचक्यात जोरात पाणी मारायचं, दोन-तीन दिवसांनी पुन्हा, आणि जमलं तर निंबोळी अर्क संध्याकाळी फवारायचा. पानावर मधे जांभळट, कडेला पिवळा असा डाग आला तर तो करपा. ढगाळ, दमट हवेत येतो. पान काढून टाका आणि पाणी पानांवर न घालता मातीत घाला.

आणि पात. गड्ड्यासाठी लावलेल्या कुंडीतली पात कापू नका. मला माहीत आहे, समोर हिरवीगार दिसते आणि पोहे चुलीवर असतात. पण प्रत्येक पान कापणं म्हणजे गड्ड्याच्या पगारातून कपात. पातीची कुंडी वेगळी ठेवा, त्यात दाटीवाटीने लावा, हवी तेव्हा कापा.

काढायचा कधी

लसणात मला सर्वांत आवडलेली गोष्ट इथे आहे. गड्ड्यावर जी पांढरी कागदासारखी वेष्टनं असतात ती कुठून येतात? ती पानंच आहेत. प्रत्येक हिरवं पान खाली नळीसारखं गड्ड्याला वेढून उतरलेलं असतं, आणि ते वाळलं की त्याचं एक टरफल होतं. म्हणजे वर पानं मोजली की जमिनीखालच्या गड्ड्यावर किती आवरणं शाबूत आहेत ते कळतं. खणून बघावं लागत नाही.

पानं खालून वर वाळत येतात. सगळ्यांत खालचं पान वाळलं की सगळ्यांत बाहेरचं वेष्टन ओल्या मातीत कुजायला लागलं समजा. सगळी हिरवी असताना काढलात तर पाकळ्या भरलेल्या नसतात आणि टरफल ओलसर. सगळी वाळेपर्यंत थांबलात तर वेष्टनं गळून गड्डा उकलतो, पाकळ्या मातीत सुट्या होतात आणि एकेक वेचावी लागते. म्हणून खालची निम्मी पानं पिवळी-तपकिरी, वरची अजून हिरवी आणि काही रोपांच्या माना पडायला लागलेल्या, ही वेळ. नोव्हेंबरच्या लागवडीला साधारण मार्चचा उत्तरार्ध, जातीप्रमाणे चार ते साडेचार महिने.

काढायच्या दहा-पंधरा दिवस आधी पाणी तोडा. हे जिवावर येतं, मान्य आहे. मार्चच्या उन्हात कुंडी तहानलेली बघून हात झारीकडे जातो. पण ओला काढलेला लसूण महिन्याभरात बुरशी धरतो.

ओढून काढू नका, मान तुटते. बाजूने खुरपं घालून माती सैल करा, मग उचला. धुवू नका. माती हाताने झटका.

त्यानंतरची सुकवणी लोक गाळतात, आणि मग म्हणतात घरचा लसूण टिकत नाही. पात आणि मुळ्यांसकट, सावलीत, वारा लागेल अशा जागी दहा-पंधरा दिवस. कडक उन्हात नको, पाकळ्या भाजल्यासारख्या मऊ होतात. शेतकरी शेतातच दोन-तीन दिवस ठेवतात तेव्हा एका ओळीचे गड्डे दुसऱ्या ओळीच्या पातीने झाकतात, ते याचसाठी. पातीतला रस खाली उतरतो, मान आटते, आणि आटलेली मान हे गड्ड्याचं बूच असतं. दोन बोटांत मान दाबली आणि आत ओल जाणवली नाही की सुकला. मग मुळ्या छाटा. पात छाटा किंवा वेणी घालून दाराआड टांगा.

वास येतो तो चिरल्यावर

अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. तिच्या पेशीत ॲलिइन नावाचा गंधकयुक्त पदार्थ एका कप्प्यात आणि ॲलिनेज नावाचं विकर (एन्झाइम) दुसऱ्यात. खलबत्त्यात घाव बसला की कप्पे फुटतात, दोन्ही मिसळतात आणि ॲलिसिन तयार होतं. १९४४ मध्ये ते पहिल्यांदा वेगळं करून ओळखलं गेलं. रोपाच्या दृष्टीने हे पाकळी कुरतडणाऱ्याला दिलेलं तिखट उत्तर, आपल्या दृष्टीने चटणी. गंधक नसेल तर हा सगळा खेळच नाही, म्हणून ते जिप्सम. उष्णतेने विकर मरतं, म्हणून तुपात अख्ख्या सोडलेल्या पाकळ्या गोडसर लागतात आणि कच्चा ठेचा डोळ्यांतून पाणी काढतो. ठेचून पाच-दहा मिनिटं ठेवलेला लसूण फोडणीतही जास्त बोलतो, कारण विकराचं काम तोवर झालेलं असतं.

एक इशारा मात्र गंभीरपणे घ्या. सोललेला कच्चा लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवू नका. तेलाखाली हवा नसते, लसणात आंबटपणा नसतो, आणि मातीतून आलेल्या बोट्युलिझमच्या जंतूंना नेमकं हेच लागतं. कॅनडात व्हँकुव्हरमध्ये १९८५ साली तेलातल्या लसणामुळे तीसहून अधिक माणसं आजारी पडली होती. असं तेल फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवावं. लिंबाच्या किंवा व्हिनेगरच्या लोणच्यात आंबटपणा असतो, तिथे ही भीती नाही. त्यात पाकळ्या कधी निळ्या-हिरव्या होतात, तेही घाबरण्यासारखं नाही. आम्लात गंधकाच्या पदार्थांचा रंग बदलतो, एवढंच.

पैशांचं काय, असं विचारणारे असतातच. तीस पाकळ्या लावल्या, सगळ्या साधल्या, गड्डा वीस ग्रॅमचा धरला तर सहाशे ग्रॅम लसूण. २०२४ च्या सुरुवातीला किरकोळ बाजारात लसूण किलोला चारशे-पाचशे रुपयांपर्यंत गेला तेव्हा मी जरा मिरवून घेतलं. एरवी मातीचा खर्चही सुटत नाही.

सहाशे ग्रॅममधले सगळ्यांत मोठे चार गड्डे मी बेण्याला काढते, जाळीच्या पिशवीत घालून स्टोअर रूमच्या खिळ्याला टांगते. पिशवीला चिठ्ठी आहे, "बेणं. हात लावू नये." कांदेनवमीला घरात भज्यांबरोबर लसणाची चटणी होते, आणि दुसऱ्या दिवशी मोजले तर पिशवीत तीनच असतात.